नंबरकाकांचे पाय

गिऱ्हाईक दुकानात शिरलं, की नंबरकाका आधी त्याच्या तोंडाकडे बघतच नसत. ते बघत खाली. आलेला माणूस अजून दाराशी पायपुसण्यावर घुटमळतोय, तोवर काकांनी मनातल्या मनात ठरवलेलं असे: सात नंबर, उजवा चवडा रुंद, टाच आतून झिजवतो. मग ते माळ्यावर चढून नेमकं खोकं काढून आणत. पाय मोजायची पट्टी दुकानात होती, पण ती फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. यावरूनच त्यांचं नाव नंबरकाका पडलं. खरं नाव पगारपत्रकावर होतं तेवढंच. मालकसुद्धा त्यांना काकाच म्हणायचे, आणि मालक त्यांच्यापेक्षा वयाने मोठे होते.

बूट पायात चढवून झाला, की काका गुडघ्यावर बसूनच बुटाचं टोक अंगठ्याने दाबत. आत बोट कुठे संपतं ते त्यांना कातड्यावरून कळे. "जरासा मोठा घ्या, संध्याकाळी पाय फुगतात," असं ते सांगत, आणि लोक निमूट ऐकत. कुणी थट्टा केली, की सगळा जन्म लोकांचे पाय धरण्यात गेला तुमचा, तर काका म्हणत, "धरले खरे. पण एकाकडेही काही मागितलं नाही."

लग्न त्यांचं झालं नाही. का झालं नाही याचं काही मोठं कारण नव्हतं. आधी वडील अंथरुणावर होते, मग आई, आणि मग वय असं झालं की विचारणारेच थांबले. ते दादा-वहिनीच्या घरात राहिले. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा काका मिसरूड फुटायच्या वयाचे होते, आणि तेव्हापासून त्यांच्यापुढे ताट येत होतं. ताटात काय आहे हे त्यांनी कधी नीट पाहिलं नाही. पुढ्यात आलं ते खाल्लं, ताट उचलून मोरीत ठेवलं, झालं. वहिनी ओरडायची, "अहो भाऊजी, आज काय खाल्लंत ते तरी सांगा!" काका विचारात पडत आणि म्हणत, "चांगलं होतं."

मग दादा निवृत्त झाला. पुतणी दूरच्या गावी नोकरीला होती, तिला बाळ झालं आणि दादा-वहिनी तिच्याकडे राहायला गेले. जाताना दादा म्हणाला, "तूही चल की." असं म्हणताना तो पेटीला कुलूप लावत होता. काकांना त्याचा अर्थ कळला, आणि दादाला मनापासून वाटत नव्हतं असंही नाही. पण पुतणीच्या घरी खोल्या दोनच होत्या. काका म्हणाले, "माझी नोकरी आहे ना अजून." वहिनीने निघायच्या आधी दोन दिवस त्यांना स्वयंपाकघरात उभं करून शिकवलं. तांदूळ किती, पाणी किती, डाळ कधी घालायची, गॅस बारीक कधी करायचा. काका मान डोलवत राहिले.

एकदा त्यांनी भात केला. तो खाली लागला. तसा तो पुढच्या वेळी जमला असता, अगदीच हाताबाहेरचं काम नव्हतं. पण त्या करपलेल्या भाताचं ताट घेऊन ते टेबलाशी बसले आणि समोर दादाची खुर्ची, बाजूला वहिनीची, आणि घास चावल्याचा आवाज स्वतःलाच ऐकू यायला लागला. त्यांनी ताट तसंच बाजूला सारलं. दुसऱ्या दिवसापासून पाव आणि चहा. ओट्याशी उभं राहून, खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत. उभ्याने खाल्लं की समोर कोण नाही हे बघावं लागत नाही.

डब्यातल्या डाळीला किडे झाले तेव्हा त्यांनी डबे रिकामे करून, घासून, परत फळीवर लावून ठेवले. दर रविवारी सकाळी वहिनीचा फोन यायचा.

"भाऊजी, जेवता ना नीट?"

"जेवतो की."

"काय केलं होतंत काल?"

"भात, डाळ."

"आणि भाजी?"

"हो, भाजीपण."

मग बाळाच्या दातांची, दादाच्या खोकल्याची बातमी, आणि फोन बंद. असं वर्षामागून वर्ष गेलं. बाळ शाळेत जाऊ लागलं. चहा-पावाने छातीत जळजळ सुरू झाली, तेव्हा काकांनी नाक्यावरच्या औषधाच्या दुकानातून पित्ताच्या गोळ्या आणल्या. गोळी घेतली की आग विझायची. मग ती रोज सकाळची झाली, दात घासण्यासारखी.

पायांचं कधी सुरू झालं ते त्यांना सांगता आलं नसतं. आधी मुंग्या आल्या. बसून बसून येतात तशाच, म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही. मग एक दिवस मोजे काढायला ते खाटेवर वाकले आणि बघतात तर पाय उघडेच. मोजे मघाशीच काढून खुंटीला टांगले होते. पण पायांना मात्र वाटत होतं की आपण अजून मोज्यांत आहोत. काकांना हसू आलं. सांगायला कुणी असतं तर त्यांनी ते सांगितलंही असतं.

त्याच सुमारास अंगातलं बळ कमी झालं. माळ्याची शिडी चढताना मध्येच थांबावं लागे. जीभ लाल होऊन चहा झोंबायला लागला. त्यांनी औषधवाल्याला सांगितलं. औषधवाला गप्पिष्ट माणूस होता, गोल चेहऱ्याचा, कानावर पेन अडकवलेला. दुकानात पंख्याखाली एक बाक होता. तो म्हणाला, "बसा काका. अहो, थकवा म्हणजे ताकद कमी पडतेय. ह्या बी कॉम्प्लेक्स घ्या, घोड्यासारखे पळाल."

काकांनी गोळ्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी लघवी अशी पिवळीधमक झाली की ते घाबरून संध्याकाळी परत बाकावर हजर.

"लागू पडतंय म्हणायचं!" औषधवाला हसला. "अंगाला हवं तेवढं अंग घेतं, जास्तीचं निघून जातं. ह्या गोळ्यांनी अपाय असा नाहीच."

आणि खरंच, जीभ बरी झाली. अंगात थोडी तरतरी आली. पण गोळ्यांपेक्षा काकांना लागू पडला तो बाक. दुकान बंद करून घरी जाताना ते तिथे टेकत. औषधवाला येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलता बोलता त्यांच्याशीही बोले. कुणाच्या मुलाने घर सोडलं, कोणत्या गल्लीत पाणी येत नाही, त्याच्या सासऱ्याला ऐकू येत नाही म्हणून घरात कशी आरडाओरड चालते. काका ऐकत, मध्येच एखादी गंमत सांगत. दिवसभर दुकानात ते बोलत होतेच, पण ते बुटांबद्दल. इथे कुणी त्यांना विचारायचं, "काय काका, आज उशीर?"

आता बाकावर फुकट कसं बसायचं? तो गिऱ्हाइकांचा बाक. म्हणून काका दर वेळी काहीतरी मागत. पायांना मुंग्या येतात म्हटल्यावर नसांच्या गोळ्या मिळाल्या. मग पाण्यात टाकल्या की फसफसणाऱ्या गोळ्या. मग दुधात घालायची शक्तीची भुकटी, जी ते पाण्यात घालत. मग तपकिरी बाटलीतलं गोड टॉनिक. औषधवाल्याच्या मनात पाप नव्हतं. काका मागत, तो देई. कधी त्याचा भाऊ गल्ल्यावर असे, तोही देई. कुणीही कधी सगळ्याची एकत्र बेरीज केली नाही, आणि काकांना तर वाटत होतं की थोड्याने बरं वाटलं, तर जास्तीने जास्त वाटेल.

वाटलं उलटंच. पायांत कापूस भरल्यासारखा तो बधिरपणा आता घोट्यांपर्यंत चढला. मग हातांच्या बोटांतही उतरला. एके दिवशी एक गृहस्थ नवे बूट परत घेऊन आले, आणि त्यांनी मोजा काढून सोललेलं बोट सगळ्यांसमोर दाखवलं. "तुम्हीच दाबून सांगितलं होतं ना, बरोबर बसलाय म्हणून?" काकांनी बूट हातात घेऊन टोकावर अंगठा ठेवला. कातडं आहे एवढं कळत होतं. त्यापलीकडे काही नाही. मालकांनी बूट बदलून दिले. पण त्यानंतर काकांनी बूट दाबला, की मालक लांबून बघत असत.

आणि मग तो सकाळचा प्रकार झाला. एक म्हातारी बाई सपाट चपला घ्यायला आल्या होत्या. काका खाली बसले, त्यांचा पाय मांडीवर घेतला. बाई वाकून बघत म्हणाल्या, "अहो, माझं राहू द्या. तुमची दुसरी चप्पल कुठाय?"

काकांनी मागे वळून पाहिलं. डाव्या पायात चप्पल होती. उजवा पाय अनवाणी, तळवा धुळीने काळा, आणि टाचेला कसलीशी काच लागून रक्त वाळलेलं. घरापासून दुकानापर्यंत ते तसेच चालत आले होते.

दुकानात कुणीतरी फिस्कन हसलं, आणि मग सगळेच. चपलांच्या दुकानातला माणूस एका चपलेवर आला! काकाही हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. "गिऱ्हाइकाला जोड देता देता आपला मोडला बघा," असं म्हणाले. मग "आलोच" म्हणून बाहेर पडले.

चप्पल शोधत ते आल्या वाटेने परत निघाले. चौक, छपाईचं दुकान, शाळेची भिंत, बसथांबा. रस्त्यावर माणसं आपापल्या घाईत होती. बसथांब्याच्या कठड्यावर त्यांना चप्पल दिसली. कुणीतरी ती उचलून, धूळ झटकून, नीट सरळ ठेवली होती, ज्याची आहे त्याला दिसावी म्हणून. काका कठड्यावर बसले. त्यांनी चप्पल पायात घातली, आणि ती पायात आहे की नाही हे बघायला त्यांना खाली बघावं लागलं. तेव्हा ते घाबरले. दुकानातलं हसू त्यांनी पचवलं होतं; हे पचेना. इतकी वर्षं जगाचे पाय हातात घेतले, आणि आपले कधी गेले ते कळलंसुद्धा नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चष्मेवाल्या, कामापुरतं बोलणाऱ्या. त्यांनी टाचेची जखम धुतली. काकांना डोळे मिटायला सांगून पायाला कापूस लावला.

"कळतंय?"

"लावलात का?" काकांनी विचारलं.

त्यांनी ठोकला की थरथरणारा लोखंडी चिमटा घोट्याच्या हाडावर टेकवला, सुईचं टोक लावलं, डोळे मिटून उभं केलं तर काका डोलायला लागले. मग त्या खुर्चीत बसल्या. "औषधं कुठली चालू आहेत?"

"औषध काही नाही. फक्त ताकदीचं घेतो."

"उद्या सगळं घेऊन या. एकूणएक."

दुसऱ्या दिवशी काकांनी पिशवी टेबलावर उपडी केली. डॉक्टरीणबाई एकेक बाटली, एकेक पाकीट उचलून पाठीमागची बारीक अक्षरं वाचायला लागल्या. "ह्यात बी-सहा जीवनसत्त्व आहे. ह्यातही आहे. हे बघा, ह्यात तर भरपूर. भुकटीतसुद्धा." त्यांनी चष्मा वर केला. "अहो, एका अख्ख्या बिऱ्हाडाचं टॉनिक तुम्ही एकटे पिताय!"

"जास्तीचं निघून जातं ना?" काका म्हणाले.

"बाकीचं बरंचसं जातं. हे एक तसं नाही. रोज फार झालं, की नसांनाच धरतं. कमी पडलं तरी पाय बधिर, आणि असं भरमसाट झालं तरी पाय बधिर." मग त्यांनी पित्ताच्या गोळ्या हातात घेतल्या. "आणि ह्या कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं."

"जेवणात काय असतं?"

काका इकडेतिकडे बघायला लागले. "पाव. चहा."

"दूध?"

"चहात असतं की." त्यांनी दोन बोटांनी किती ते दाखवलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "घरी कोण असतं?"

"मी असतो."

रक्ताचा तपास आला. बी-सहा प्रमाणाबाहेर कितीतरी वर. बी-बारा आता ठीक. पण सुरुवातीला ती जीभ, तो थकवा, त्या पहिल्या मुंग्या बहुतेक बी-बारा कमी पडल्यामुळे असाव्यात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चहा-पावात ते जवळजवळ नसतंच, आणि पित्ताच्या गोळीने पोटातलं आम्ल दबलं, की असलेलंही अंगाला नीट लागत नाही. पहिल्या गोळ्यांनी ते भरून निघालं, आणि पुढच्या सगळ्यांनी दुसरीकडे नुकसान केलं. यातलं किती कशामुळे, ते आता वेगळं काढता येणार नाही. "हे सगळं बंद. पित्ताचं आपण हळूहळू कमी करू. आणि जेवा. दूध, दही, अंडी, मासे चालत असतील तर मासे. कडधान्यं, पालेभाजी, दाणे. काही महिन्यांनी पुन्हा रक्त बघू. कमी पडलंच तर एकच गोळी, मी लिहून देईन ती."

"पाय परत येतील?"

"येतात. सावकाश. सगळे येतीलच असं नाही सांगत."

गोळ्या बंद करणं सोपं होतं. कठीण होतं ते संध्याकाळी नाक्यावरून जाणं. पहिल्या दिवशी औषधवाल्याने हाक मारली, "काय काका, आज काय देऊ?" काका आत गेले आणि उभ्यानेच त्याला सगळं सांगितलं. तक्रार म्हणून नाही. त्याच्याशिवाय हे सांगायला होतंच कोण. पण औषधवाल्याचा चेहरा उतरला. "मी काही जबरदस्ती नव्हती केली, काका. तुम्हीच मागत होतात."

"मीच मागत होतो," काका म्हणाले. "तुमचं काही नाही हो त्यात."

"तसं म्हणत असाल तर..." औषधवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. काका बाकाकडे बघत जरा थांबले. काही घ्यायचं नव्हतं. ते बाहेर पडले. पुढे कधी दिसले की औषधवाला हात वर करी, काकाही करत. पण ते दोघं पुन्हा तसे बोलले नाहीत. काही दिवसांनी काका मागच्या गल्लीने घरी जायला लागले.

रविवारी वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, जेवता ना नीट?"

काकांनी 'जेवतो की' म्हणायला तोंड उघडलं, आणि निघालं भलतंच. "वहिनी, अंडं किती वेळ उकडायचं असतं?"

मग वहिनी म्हणाली, "पाणी उकळल्यावर दहा मिनिटं." मग हळूच, "भाऊजी, इतकी वर्षं काय खात होता तुम्ही?"

"पाव."

"आणि मला सांगत होतात ते?"

"ते तुम्ही करायचात ते आठवून सांगायचो."

वहिनी भडकली. असं भडकताना काकांनी तिला कधी ऐकलं नव्हतं. दादाला हाका मारल्या, पुतणीला हाका मारल्या, काकांना खोटारडे म्हणाली, आणि मग बोलता बोलता तिचा आवाज फुटला. "मी निघायलाच नको होतं," ती म्हणाली. काका घाईने म्हणाले, "छे छे, असं काय." फोन दादाने घेतला. "इकडे ये बघू तू." यावेळी तो कुलूपबिलूप लावत नव्हता. काका म्हणाले, "येतो. जरा चालता येऊ दे."

ते गेले, आठवडाभर. वहिनीने ताटं वाढली, आणि काकांनी पहिल्यांदा ताटात काय आहे ते नीट बघितलं. पुतणीची मुलगी त्यांना ओळखत नव्हती. दोन दिवसांनी ती त्यांच्या मांडीवर पाय ठेवून "माझा नंबर सांगा" म्हणायला लागली. पण तिला आपली झोपायची खोली काकांना द्यावी लागत होती, आणि ती बाहेर गादीवर पडलेली दिसली, की काकांना तिथे राहवत नसे. वहिनी अजून राहा म्हणाली. ते परत आले.

घरी आल्यावर ते स्वयंपाक करायला लागले. कडधान्य सकाळी भिजत घालायचं, संध्याकाळी शिजवायचं, एक अंडं, वाटीभर दही, हिरवं काहीतरी. चव यथातथाच असे. टेबलाशी बसूनच जेवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. दादाच्या खुर्चीवर ते आता वर्तमानपत्रांची चळत ठेवत. घास चावल्याचा आवाज अजून ऐकू यायचा. त्याची सवय झाली असं नाही म्हणता येणार. त्यांनी तो ऐकून घ्यायला सुरुवात केली, इतकंच.

मालकांनी त्यांना गल्ल्यावर बसवलं. तिथून ते अजून गिऱ्हाइकाचे पाय बघून नंबर सांगत, आणि नवा विक्रेता तो खरा की खोटा हे पट्टीने मोजून बघे.

थंडी संपता संपता एका सकाळी काका खाटेवरून उतरले आणि झटक्यात पाय वर घेतला. फरशी गार होती. त्यांनी पाय पुन्हा टेकवला. गार. दुसराही टेकवला. मग ते खोलीभर अनवाणी फिरले, मोरीजवळच्या ओल्या लादीवर जाऊन उभे राहिले, पायपुसणं तळव्याखाली घासून बघितलं. ते टोचलं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दारापर्यंत जाऊन कडी काढली, आणि मग लक्षात आलं की जिन्यात कुणी नाही, आणि असतं तरी सांगणार काय.

वार बुधवार होता. तरी त्यांनी फोन लावला.

"काय झालं?" वहिनी घाबरीघुबरी झाली. "बरं आहे ना सगळं?"

"काही नाही. फरशी गार लागली."

"अहो मग सपाता घाला! ह्यासाठी फोन केलात?" मागे कुकरची शिट्टी झाली, मुलीची बस आल्याची गडबड ऐकू आली. "भाऊजी, मी नंतर करते हं," म्हणून तिने फोन ठेवला. अर्ध्या तासाने तिने परत फोन लावला, तेव्हा ती रडत होती. काका काय म्हणाले होते ते तिला भाजी चिरता चिरता कळलं होतं. पण तोवर काका दुकानात निघून गेले होते, आणि घंटा रिकाम्या घरात वाजत राहिली. रविवारी तिने ते सांगितलं.

पुढच्या तपासाला डॉक्टरीणबाईंनी परत कापूस लावला, चिमटा टेकवला. डोळे मिटून उभं केलं, तर काका सरळ उभे राहिले. उजव्या पायाची शेवटची दोन बोटं तेवढी गप्पच होती. "ती बहुधा तशीच राहतील," त्या म्हणाल्या. "चालताना सांभाळा, रात्री पाय तपासत जा. रक्त छान आहे. वजनही वाढलंय. आता गोळी नको, जेवण चालू ठेवा."

"मग पुन्हा कधी येऊ?"

"काही त्रास झाला तर या."

काका पिशवी घेऊन उठले. दारापर्यंत गेले आणि वळले. "आणि नाही झाला तर?"

डॉक्टरीणबाईंना वाटलं ते थट्टा करतायत. त्या पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. "नाही झाला तर कशाला येताय हो काका!"

"तेही खरंच," काका म्हणाले आणि तेही हसले. बाहेर बाकावर बसलेल्या माणसाने त्यांना जायला वाट दिली. त्याच्या पायांकडे बघून काकांच्या तोंडून सवयीने "नऊ" निघालं. माणसाने मान वर केली, "काय म्हणालात?"

"काही नाही," म्हणून काका चप्पल नीट पायात सरकवून रस्त्याला लागले.